धर्मग्राम : समाज की केवळ गर्दी?

धर्म ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे, हे विधान आपण इतक्या सहजतेने करतो की त्याची सत्यता तपासण्याची गरजही आपणास भासत नाही. कॅथलिक परंपरेपुरते बोलायचे तर हे विधान अपुरे आहे. तेथे श्रद्धा एकट्याने बाळगायची नसते. ती धर्मग्रामाचा घटक म्हणून जगायची असते. १९८३ च्या धर्मसंहितेने धर्मग्रामाची व्याख्या करताना इमारतीला वा हद्दीला नव्हे, तर श्रद्धावंतांच्या स्थायी समुदायाला अग्रस्थान दिले, ते याच कारणाने.

या समुदायभावनेचे सामर्थ्य पाहावयाचे असेल तर वसईकडे पाहावे. १९१८ साली मॉन्सिनिअर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंच्या पुढाकाराने तेथे पतपेढी निघाली आणि तीच पुढे बॅसीन कॅथलिक सहकारी बँक म्हणून नावारूपास आली. सावकाराला तारण म्हणून जमीन लागते. सहकारी पतपेढी उभी राहते ती परस्परांच्या ओळखीवर. जी माणसे दर रविवारी एकाच मिस्सेला येतात, एकमेकांच्या लग्नाला आणि मर्तिकाला उभी राहतात, त्यांना कोणाचा शब्द किती खरा हे कागदपत्रांवाचून ठाऊक असते. अर्थशास्त्राला दुर्मीळ वाटणारे हे भांडवल प्रार्थनेच्या बाकांवर तयार झाले होते. पुढे १९८० च्या दशकाअखेर वसईचे पाणी आणि हिरवाई वाचविण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे आले, तेव्हा त्यांच्यामागे माणसे उभी राहिली, त्यालाही हा पाया होताच.

परंतु हे भांडवल वापरले नाही तर झिजते. वाड्यांच्या जागी इमारती आल्या, मुंबईकडची अनेक कुटुंबे तेथे राहावयास आली. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. चर्चमध्ये गर्दी कमी नाही. मात्र गर्दी आणि समाज यांत अंतर आहे. स्नानसंस्काराचा दाखला, विवाहाची तारीख, मुलाचा शाळाप्रवेश यांपुरताच धर्मग्रामाशी संबंध ठेवणारा मनुष्य सभासद न राहता ग्राहक होतो. ग्राहक सेवेची तक्रार करतो. जबाबदारी घेत नाही.

यावर उपाय उपदेशाचा नाही, व्यवस्थेचा आहे. प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे, असे धर्मसंहितेचे कलम ५३७ सांगते. श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब त्यांना द्यावा, असे कलम १२८७ सांगते. म्हणजे नवा कायदा नको आहे. आहे त्याचे मनापासून पालन हवे आहे. वर्षाचा जमाखर्च सर्वांसमोर वाचला जावा, त्यावर प्रश्न विचारले जावेत आणि प्रश्न विचारणाऱ्यास अश्रद्ध ठरविले जाऊ नये. समितीवर जुन्या घराण्यांबरोबर नव्या इमारतींतील भाडेकरू, शिक्षिका, परिचारिका आणि तरुणही असावेत.

देवाच्या कामात हिशेबाची भाषा कशाला, असा आक्षेप येथे घेतला जाईल. श्रद्धा जमाखर्चात मोजता येत नाही, हे मान्यच आहे. अंतिम जबाबदारी प्रमुख धर्मगुरूंची असते, हेही खरे. तथापि विश्वास मागणाऱ्या संस्थेने विश्वासाला पात्र राहण्याची तजवीज करणे यात अधर्म तो कोणता? उलट ज्या धर्मगुरूच्या शेजारी जाणती माणसे बसलेली असतात, त्याच्यावरील एकाकी भार हलका होतो आणि अकारण संशयही टळतो.

हिशेबाइतकाच दुसरा प्रश्न शेजाराचा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) लोकभाषेत उपासनेचे दार उघडले आणि वसईच्या वेदीवर मराठी आली. ही मराठी जपावयाची, पण कोकणी वा मल्याळम बोलणारा शेजारी तिच्यामुळे उंबऱ्याबाहेर राहू नये, हे पाहण्याची जबाबदारी बहुसंख्यांची आहे. वाडीवाडीतील आणि इमारतींतील लहान गटांनी एवढे तरी करावे : आजारी कोण, नोकरी कोणाची गेली, एकटे वृद्ध कोण, याची नोंद ठेवावी.

ज्या धर्मग्रामाला आपल्या हद्दीतील उपाशी घर माहीत नाही, त्याच्या सणाची रोषणाई कितीही डोळे दिपविणारी असो, ती व्यर्थ होय. वेदीवर भाकर एकत्र मोडणाऱ्यांनी वेदीखाली उतरल्यावर एकमेकांस अनोळखी राहावे, हे त्या भाकरीलाच मान्य होणार नाही.