वाट सांगणारीलाही प्रश्न विचारा!

जुलै २०२५ मधली नवी मुंबईतली बातमी आठवते? बेलापूरहून उलव्याकडे निघालेली एक महिला मोबाइलवरचा नकाशा बघत गाडी चालवत होती. पुलावर चढायचं सोडून ती पुलाखालच्या रस्त्याला लागली आणि गाडी थेट खाडीत! सागरी पोलीस जवळच होते म्हणून ती वाचली. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात मात्र धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावरून गाडी आत गेली आणि एकाचा जीव गेला. तेही नकाशाच्याच भरवशावर निघाले होते.

अशा बातम्या आल्या की घरोघरी एकच सल्ला मिळतो, 'मोबाइलवर विसंबू नका, गाडीतच बसवलेलं नेव्हिगेशन घ्या.' टॉप मॉडेलसाठी जास्तीचे पैसे मोजताना हे कारण पटतंही. पण मैत्रिणींनो, जरा थांबा.

उपग्रह फक्त आपण कुठे आहोत एवढंच सांगतो. अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकली, तेव्हापासून ही जागा चांगलीच अचूक कळते. पण पुढचा रस्ता उपग्रहाला दिसत नाही. पूल आहे की वाहून गेला, हे सांगायचं काम नकाशाचं. आणि नकाशा जुना असेल, तर तो मोबाइलमध्ये असो की गाडीत, चुकायचा तो चुकणारच.

मग फरक कशात? ज्या गाडीत नकाशा आतच साठवलेला असतो, तिथे घाटात रेंज गेली तरी काम अडत नाही. पण असा नकाशा वेळोवेळी अपडेट करावा लागतो. मोबाइलचा नकाशा सतत बदलत राहतो, पण त्याला इंटरनेट लागतं. त्यावरही उपाय आहे. निघण्यापूर्वी घरीच त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवता येतो. अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले असलेल्या गाडीत तोच नकाशा समोरच्या पडद्यावर दिसतो. रोज गाव ते तालुका एवढंच जाणं असेल, तर केवळ नेव्हिगेशनसाठी टॉप मॉडेल घ्यायची गरज नाही.

तरी घ्यायचंच असेल, तर शोरूममध्ये स्पष्ट विचारा. नकाशा किती वर्षं फुकट अपडेट होणार? नंतर किती पैसे? मराठीत बोलतं का? आणि चाचणीच्या फेरीत आपल्या माहेरच्या गावाचं नाव टाकून बघा. सापडतंय का?

आणखी एक प्रश्न आपण सहसा विचारतच नाही. हल्ली बऱ्याच गाड्यांना मोबाइल अ‍ॅप जोडलेलं असतं. गाडी आत्ता कुठे उभी आहे, हे त्यात दिसतं. अडचणीच्या वेळी याचा आधार वाटतो. पण गाडी चालवणार आपण आणि अ‍ॅप फक्त 'ह्यांच्या' नाहीतर मुलाच्या फोनमध्ये, असं का? गाडी घेतानाच ते आपल्याही फोनवर सुरू करून घ्या.

एवढं करूनही अनोळखी रस्ता, पाऊस किंवा अंधार असेल, तर काच खाली करा आणि टपरीवर विचारा, 'दादा, पुढे पूल चालू आहे का?' यात कमीपणा कसला? काल रात्री पाणी कुठवर चढलं होतं, हे त्यालाच ठाऊक असतं.