कोठीघर : तेल खवट झालें कसें ओळखावें?

दिवाळीचा चिवडा आठ दिवसांतच खवट लागूं लागला म्हणजे दोष बहुधा दाण्यांना किंवा खोबऱ्याला दिला जातो. पुष्कळदां तो तेलाचा असतो. आणि त्याची पारख आधीं न केल्यामुळें तेलाबरोबर पोहे, डाळें, मसाला व घरांतील बायकांचे श्रमही फुकट जातात.

तेलाचे शत्रु तीन : हवा, उजेड आणि उष्णता. हवेंतील प्राणवायूचा तेलांतील स्निग्धाम्लांशीं संयोग होऊन उग्र वासाचीं द्रव्यें तयार होतात, हाच खवटपणा. सर्व तेलें सारखींच टिकत नाहींत. नेहमींच्या करडईच्या तेलांत शेकडा ७० च्या आसपास लिनोलेइक आम्ल असतें व तें प्राणवायूशीं चटकन् संयोग पावतें. म्हणून तें लवकर खवटतें. शेंगदाण्याचें तेल त्याहून टिकतें. तिळाच्या तेलांत निसर्गतःच रक्षक द्रव्यें असतात, त्यामुळें तेंही पुष्कळ दिवस चांगलें राहतें.

डबा फोडल्यावर रोज त्यांतच पळी घालणें ही मोठी चूक होय. अर्ध्या रिकाम्या डब्यांत उरलेली जागा हवाच व्यापते. तेल कोरड्या, लहान बाटल्यांत गळ्यापर्यंत भरावें आणि एका वेळीं एकच बाटली वापरास काढावी. गडद रंगाची काच, चिनी मातीची बरणी किंवा स्टेनलेस स्टीलचा डबा उत्तम; तांब्या-पितळेचें भांडें नको, कारण तांब्याच्या अंशानें खवटपणास वेग येतो. शेगडीजवळची फळी टाळावी. जुन्या तेलावर नवें ओतूं नये व तळणीचें उरलेलें तेल परत बरणींत घालूं नये. थोडें बिघडलेलें तेल नव्यासही विरजणासारखें बिघडवितें.

पारख सोपी आहे. सकाळीं, स्वयंपाकाचे वास नाकांत भरण्यापूर्वीं, चार थेंब तळहातावर चोळून हुंगावेत. घाण्याच्या चांगल्या तेलास त्याच्या बियांचा वास येतो; खवट तेलास जुनाट दाण्यांचा किंवा रोगणाचा. शंका राहिल्यास थेंबभर जिभेवर घ्यावें : कडवट लागून घशांत खवखवलें तर तें तेल गेलें असें समजावें. थंडींत खोबरेल थिजणें किंवा शेंगदाण्याचें तेल गढूळ होणें हा मात्र बिघाड नव्हे. ऊब लागतांच तें पूर्ववत् होतें. डब्यावर छापलेली मुदत न फोडलेल्या डब्याची असते, हेंही विसरूं नये.

“फोडणींत खपून जाईल,” असें घरांतील वडील माणसें म्हणतात. हिंग-मोहरीनें वास झांकतो, तेल सुधारत नाहीं. “देवाच्या दिव्याला चालेल,” असेंही कोणी म्हणतें. पण ज्याचा वास आपणांस सोसवत नाहीं, तें देवापुढें कसें जाळावें?

काटकसर करावयाची ती खरेदीच्या वेळीं. ज्या घरीं एके काळीं दोन पंगती उठत, तेथें आज मुलेंबाळें परगांवीं वा परदेशीं गेलेलीं असतात. पानें कमी झालीं, डबा मात्र तेवढाच येतो. महिन्या-दीड महिन्यांत संपेल एवढेंच तेल आणावें. हें सासूबाईंना सांगणें सुनेस अवघड जाईल. म्हणून डबा लहान करण्याची गोष्ट सासूबाईंनींच आपण होऊन काढावी, हें बरें.