ग्राफिक्स चिपची शर्यत : निवड किती आणि मक्तेदारी किती?

संगणक शाखेत प्रवेश घेतलेली मुले लॅपटॉप घ्यायची वेळ आली की एक प्रश्न हमखास विचारतात : ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचे घ्यावे की एएमडीचे? अनेकदा एएमडीचे कार्ड स्वस्त पडते. तरीही मशीन लर्निंग शिकायचे म्हटले की सीनियर विद्यार्थी एकच सल्ला देतात, "थोडे जास्त गेले तरी चालतील, एनव्हिडियाच घे." बाजारात दोन-तीन कंपन्या असूनही सल्ला एकच का मिळतो, हे समजून घेतले तर या स्पर्धेचे खरे स्वरूप लक्षात येते.

ग्राफिक्स चिप, म्हणजे जीपीयू, मुळात खेळांसाठी तयार झाली. पडद्यावरच्या लाखो ठिपक्यांचे रंग क्षणाक्षणाला ठरवायचे, तर हजारो छोटी गणिते एकाच वेळी करावी लागतात. संगणकाचा नेहमीचा प्रोसेसर अवघड कामे करतो, पण एका वेळी मोजकीच. जीपीयू सोपी कामे करते, पण हजारोंच्या संख्येने एकदम. कृत्रिम बुद्धिमत्तेलाही नेमकी अशीच गणिते लागतात. म्हणून खेळण्याच्या बाजारातली ही चिप आज जागतिक राजकारणाच्या मध्यभागी आली आहे.

१९९० च्या दशकात या धंद्यात बऱ्याच कंपन्या होत्या. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्सच्या 'वूडू' कार्डाने बाजार गाजवला. चार वर्षांत ती कंपनी कोसळली आणि तिची बहुतेक मालमत्ता एनव्हिडियाने विकत घेतली. २००६ मध्ये एएमडीने कॅनडातील एटीआय कंपनी सुमारे ५.४ अब्ज डॉलरना घेतली. वेगळ्या ग्राफिक्स कार्डांच्या बाजारात मोठ्या कंपन्या उरल्या दोनच. २०२२ मध्ये इंटेलने 'आर्क' कार्डे आणली, पण तिचा वाटा अजून लहान आहे.

एनव्हिडिया एवढी पुढे गेली कशी? तिची चिप वेगवान आहे हे खरे, पण वेगात एएमडीनेही तिला वेळोवेळी गाठले आहे. फरक पडला तो सॉफ्टवेअरमुळे. एनव्हिडियाने २००६ मध्ये 'कुडा' जाहीर केले. त्यामुळे ग्राफिक्स चिपवर विज्ञानाची गणिते करणे सोपे झाले. कुडा फुकट होते, पण चालायचे फक्त एनव्हिडियाच्याच चिपवर. विद्यापीठांनी ते शिकवले, संशोधकांनी त्यात प्रोग्राम लिहिले. २०१२ मध्ये टोरोंटो विद्यापीठातील संशोधकांनी चित्रे ओळखण्याच्या 'इमेजनेट' स्पर्धेत बाकीच्यांना फार मागे टाकले. त्यांचा प्रोग्राम एनव्हिडियाच्या दोन साध्या गेमिंग कार्डांवर तयार झाला होता. तिथून एक अख्खी पिढी कुडावर घडली. एएमडीने २०१६ मध्ये 'रॉकएम' ही मुक्त प्रणाली आणली, पण तोवर दहा वर्षे निघून गेली होती. शिवाय घरगुती कार्डांवर ती नीट चालावी याकडे बरीच वर्षे पुरेसे लक्ष दिले गेले नाही.

समाजशास्त्रात आपण शिकतो की सत्ता नेहमी बळजबरीने टिकत नाही. लोकांच्या सवयीत, शिक्षणात आणि सोयीत तिने घर केले की ती आपोआप टिकते. कुडाचे तसेच झाले आहे.

दुसरी गोष्ट कारखान्याची. एनव्हिडिया आणि एएमडी चिपचा आराखडा बनवतात. त्यांच्या आघाडीच्या चिप घडतात तैवानच्या टीएसएमसीमध्ये. तिथे लागणारी सर्वांत प्रगत छपाईयंत्रे जगात एकच कंपनी बनवते, नेदरलँड्सची एएसएमएल. म्हणजे दुकानात दोन नावे दिसत असली तरी मागे कारखाना एकच. त्याची क्षमता मर्यादित आहे आणि मोठ्या डेटा सेंटरच्या चिपवर नफा कितीतरी जास्त. मग घरासाठी कार्ड घेणारा रांगेत मागे पडला तर नवल नाही.

आता तर स्पर्धक आणि भागीदार यांतली रेषाही पुसट होत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियाने इंटेलमध्ये ५ अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा केली. पुढच्याच महिन्यात एएमडीने ओपनएआयशी करार केला. त्यात चिप घेणाऱ्या ओपनएआयलाच एएमडीचे सुमारे १० टक्क्यांपर्यंत शेअर मिळू शकतात.

यात भारत कुठे आहे? १९८० च्या दशकात अमेरिकेने हवा तो क्रे महासंगणक देण्यास नकार दिला, तेव्हा पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. २०२० मध्ये सी-डॅकचाच 'परम सिद्धी' जगात ६३ व्या क्रमांकावर आला, पण त्याच्या आत चिप आहेत एनव्हिडियाच्या. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने प्रगत चिपच्या निर्यातीचे नवे नियम जाहीर केले, तेव्हा मर्यादा घातलेल्या देशांत भारतही होता. मे महिन्यात ते नियम मागे घेतले गेले. पण नळ दुसऱ्याच्या हातात आहे, एवढे त्यातून दिसले.

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने सुमारे १०,३७२ कोटी रुपयांच्या इंडिया एआय मिशनला मंजुरी दिली. त्यातून स्टार्टअप, संशोधक आणि विद्यार्थ्यांना सवलतीच्या दरात जीपीयू वापरता यावेत, अशी योजना आहे. हे वेळ कोणाला मिळणार? मोठ्या संस्थांतील मुलांनाच, की गोंदिया-नांदेडच्या साध्या कॉलेजमधल्या मुलीलाही? हा प्रश्न आपण शिष्यवृत्तीइतकाच नेटाने विचारला पाहिजे.

मित्रांनो, महागड्या कार्डासाठी कर्ज काढू नका. गुगल कोलॅबसारख्या ठिकाणी मर्यादित वेळ जीपीयू फुकट मिळतो, शिकायला तो पुरतो. पायटॉर्चसारखी साधने एनव्हिडिया आणि एएमडी दोन्हींवर चालतात, ती शिका. आणि साधनामागचे गणित पक्के करा. चिप दर दोन वर्षांनी जुनी होते. रेषीय बीजगणित एकदा डोक्यात बसले की कोणत्याही कंपनीच्या चिपवर कामाला येते.