दुकानदाराची वही कोणाच्या हाती?

जुलै २०२५ मध्ये बंगळूर शहरात एक विलक्षण दृश्य दिसू लागले. चहाच्या टपऱ्या, बेकऱ्या आणि किराणा दुकाने यांच्या दर्शनी भागी जेथे क्यूआर कोडची चौकट चिकटवलेली असे, तेथून ती अनेकांनी काढून टाकली आणि तिच्या जागी ‘फक्त रोख’ असे फलक लावले. देशाच्या संगणक-व्यवसायाची राजधानी म्हणून मिरवणाऱ्या नगरातील लहान व्यापाऱ्याने तंत्रज्ञानाकडे अशी पाठ फिरवावी, याला तसेच सबळ कारण होते. कर्नाटकाच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयद्वारे झालेल्या भरण्याचा तपशील मिळवून २०२१-२२ पासूनच्या वर्षांची उलाढाल पडताळली होती, आणि तिच्या आधारे हजारो लहान व्यापाऱ्यांना वस्तू व सेवा कराच्या नोटिसा धाडल्या होत्या. ज्यांच्या मालावर मुळात करच नाही अशा भाजीविक्रेत्यांचा व दूधविक्रेत्यांचाही त्यांत समावेश होता.

पुढचा घटनाक्रम आपल्या राजकारणाला साजेसाच झाला. व्यापाऱ्यांनी २५ जुलै रोजी बंदची हाक दिली. राज्यातील सत्ताधाऱ्यांनी या कराचे खापर केंद्रावर फोडले. केंद्रातील मंत्र्यांनी नोटिसा राज्याच्या खात्याने काढल्या आहेत, याकडे बोट दाखवले. अखेर २३ जुलै रोजी मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी व्यापाऱ्यांच्या प्रतिनिधींना बोलावून जुनी थकबाकी वसूल केली जाणार नाही, यापुढे मात्र नोंदणी करावी लागेल, असे सांगितले. बंद मागे घेण्यात आला व वादळ शमले. परंतु वादळ शमले म्हणजे प्रश्न सुटला असे नव्हे. कायदा बदलला नाही आणि अमलातही आला नाही. झाली ती केवळ कृपा. जी कृपा संघटित गाऱ्हाण्यामुळे मिळते, ती असंघटितांना मिळेलच याची शाश्वती नसते.

या प्रकरणावर आपल्याकडील शिक्षकांच्या खोलीत आणि कार्यालयांतील जेवणाच्या सुट्टीत जी मते ऐकू येतात, त्यांचा सूर बहुधा एकच असतो. ‘आमचा कर पगार हाती येण्यापूर्वीच कापला जातो, एक रुपया लपवण्याची सोय आम्हाला नाही. मग दुकानदारालाच ही सवलत का?’ हा प्रश्न अगदी न्याय्य आहे. व्यापारी वर्गात करचुकवेगिरी नाही, असे कोणीही प्रामाणिकपणे म्हणू शकणार नाही. शिवाय त्याच रस्त्यावरचा जो दुकानदार रीतसर नोंदणी करून कर भरतो, त्याच्यावर शेजाऱ्याच्या चुकवेगिरीने अन्यायच होतो. तेव्हा लहान व्यापारी म्हणजे बिचारा आणि कर खाते म्हणजे खलनायक, अशी सोपी मांडणी करून भागणार नाही. प्रश्न कर असावा की नसावा हा नाहीच. प्रश्न आहे तो असा की, जी नोंद दुकानदाराने एका हेतूने निर्माण केली, ती दुसऱ्याच हेतूने वाचली जात असताना त्याला आगाऊ सूचना मिळण्याचा, आणि त्या नोंदीचा स्वतःसाठी उपयोग करून घेण्याचा, काही अधिकार आहे की नाही?

याचे गांभीर्य लक्षात येण्यासाठी एक ढोबळ हिशेब मांडून पाहू. एका दुकानदाराच्या खात्यात वर्षाकाठी ४५ लाख रुपये जमा झाले असे समजा. रक्कम ऐकताना मोठी वाटते; दिवसाला ती सव्वाबारा हजारांच्या आसपास येते. वस्तूंच्या व्यापाराला नोंदणीची मर्यादा महाराष्ट्राप्रमाणेच कर्नाटकातही ४० लाखांची असल्याने हा दुकानदार ती ओलांडतो. मात्र उलाढाल म्हणजे मिळकत नव्हे. नफ्याचे प्रमाण शेकडा आठ धरले, तर त्याच्या हाती वर्षाला ३ लाख ६० हजार, म्हणजे महिन्याला ३० हजार रुपये राहतात. दुकानाचे भाडे आणि विजेचे बिल त्यातूनच जायचे. एखाद्या साध्या कारकुनाहून त्याची स्थिती फारशी निराळी नाही. त्याने वेळीच नोंदणी करून लहान व्यापाऱ्यांसाठी असलेली आपसमेळ योजना, जिला सर्वजण कंपोझिशन म्हणतात, स्वीकारली असती, तर शेकडा एक या दराने ४५ हजार रुपये भरून तो मोकळा झाला असता. परंतु ही योजना मागील तारखेने स्वीकारता येत नाही. त्यामुळे त्याचा माल १८ टक्के दराचा आहे असे मानले आणि संपूर्ण जमेवर कर आकारला, तर रक्कम होते ८ लाख १० हजार. शिवाय व्याज आणि दंड निराळाच. वर्षाच्या नफ्याच्या दुपटीहून अधिक!

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातील विसंगती तत्काळ जाणवेल. वस्तू व सेवा कर हा मूल्यवृद्धीवरील कर आहे. घाऊक व्यापाऱ्याकडून माल घेताना या दुकानदाराने त्यावरील कर किमतीतूनच चुकता केलेला असतो. सरकारी तिजोरीत यायचा राहिला तो फक्त त्याने घातलेल्या भरीवरचा कर, म्हणजे ३ लाख ६० हजारांवर १८ टक्के, सुमारे ६५ हजार रुपये. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. हा अप्रत्यक्ष कर आहे. तो ग्राहकाने सोसायचा आणि दुकानदाराने फक्त गोळा करून द्यायचा, अशी त्याची रचना. तीन-चार वर्षांपूर्वी विकलेल्या साबणावरचा कर दुकानदार आज कोणत्या गिऱ्हाइकाकडून वसूल करणार? मागील तारखेने मागितलेला अप्रत्यक्ष कर हा प्रत्यक्षात दुकानदाराच्या भांडवलावरचा कर होतो. या नोटिसा म्हणजे अंतिम मागणी नसून केवळ खुलासा मागितला आहे, असे खात्याने स्पष्ट केले होते, आणि ते तांत्रिकदृष्ट्या खरेही असेल. परंतु ज्याने आयुष्यात कधी वकिलाची पायरी चढलेली नाही, त्याला खुलासा आणि मागणी यांतील भेद कोणी समजावून सांगायचा? खात्यात आलेल्या रकमेपैकी विक्रीची किती, मेहुण्याने परत केलेल्या हातउसन्याची किती, हे चार वर्षांनंतर तो कशाच्या आधारे सिद्ध करणार?

आता हा दुकानदार या व्यवस्थेत आला कसा, तेही पाहिले पाहिजे. यूपीआयची घोषणा एप्रिल २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर रघुराम राजन यांनी मुंबईत केली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला पाचशे व हजारांच्या नोटा रद्द झाल्या आणि चलनातील मूल्याचा सुमारे ८६ टक्के भाग एका रात्रीत निकामी ठरला. दुकानदाराने मोबाईल हाती घेतला तो हौसेने नव्हे, गल्ला रिकामा राहू लागला म्हणून. त्यानंतर सरकारने त्याला मधाचे बोट लावले. आयकरात अंदाजित नफ्याचे प्रमाण रोखीच्या विक्रीवर ८ टक्के, तर बँकेमार्फत आलेल्या विक्रीवर ६ टक्केच धरले जाऊ लागले. १ जानेवारी २०२० पासून या व्यवहारांवरील शुल्क शून्य करण्यात आले. जून २०२० मध्ये फेरीवाल्यांसाठी आलेल्या स्वनिधी योजनेत तर मोबाईलवरून पैसे स्वीकारणाऱ्यास रोख बक्षीसही ठेवले गेले. या साऱ्याचे फळ म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात यूपीआयचे दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. ही कामगिरी निःसंशय अभिमानास्पद आहे. सुट्या पैशांची कटकट गेली, खोट्या नोटांची धास्ती गेली. परंतु निमंत्रणपत्रिकेवर बक्षिसाचा मजकूर ठळक होता. हीच नोंद उद्या कर खात्यापुढे ठेवली जाईल, ही ओळ कोठेच नव्हती.

आपल्या व्यापारी परंपरेत वहीला मोठा मान आहे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नव्या वहीची पूजा होते आणि पहिल्या पानावर ‘श्री’ लिहिले जाते, ते काही उगाच नव्हे. कीर्द आणि खतावणी ही दुकानदाराची स्मृती होती, पत होती आणि गुपितही होते. ती गल्ल्याशेजारी असे. कोणाला दाखवायची हे तोच ठरवी. त्या गुपिताचा गैरवापर झाला, दोन-दोन वह्या ठेवल्या गेल्या, हेही खरेच. आज ती वही जागेवरून हलली आहे. तिची एक प्रत बँकेत आहे, एक पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या यंत्रणेत आहे, एक मोबाईल कंपनीकडे आहे आणि मागेल तेव्हा एक कर खात्याकडे जाऊ शकते. दुकानदाराच्या वाट्याला उरला तो काउंटरवरील डबा, जो महिन्याचे भाडे घेतो आणि ‘इतके रुपये प्राप्त झाले’ असे मोठ्याने सांगतो.

यातील कंपन्यांचा भाग थोडक्यात सांगण्याजोगा आहे. यूपीआयचे ८० टक्क्यांहून अधिक व्यवहार फोनपे आणि गूगल पे या दोनच कंपन्यांमार्फत होत आले आहेत, आणि दोहोंची मालकी मुख्यतः अमेरिकी भांडवलाकडे आहे. कोणाही एकाचा वाटा ३० टक्क्यांहून अधिक नसावा, हा नोव्हेंबर २०२० मध्ये ठरलेला नियम. त्याची मुदत लांबत लांबत २०२६ च्या अखेरीपर्यंत गेली. बड्या कंपन्यांना सहा वर्षांची सवड आणि टपरीवाल्याला खुलाशाची नोटीस, हा विरोधाभास कोणाच्याही नजरेत भरावा.

महाराष्ट्राने असा झगडा पूर्वी पाहिलेला आहे. जकातीच्या जागी आलेल्या स्थानिक संस्था कराविरुद्ध २०१३ मध्ये व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली, तेव्हा त्यांची मुख्य भीती कराच्या दराची नव्हती. पालिकेचा माणूस दुकानात येऊन वह्या चाळील याची होती. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींखालील उलाढालीला तो कर माफ झाला आणि पालिकांची तूट राज्याच्या तिजोरीने, म्हणजे तुम्ही-आम्ही, भरून काढली. आता दुकानाचा उंबरा ओलांडण्याचीही कोणाला गरज उरलेली नाही. वही चाळली जात आहे हे ती चाळून झाल्यावर कळते.

मग करायचे काय? पहिली गोष्ट अगदी साधी आहे. जे यंत्र चार वर्षांनंतर मर्यादा ओलांडल्याचे शोधू शकते, ते मर्यादा जवळ येताच सावधही करू शकते. जमा ३० लाखांवर गेली की दुकानदाराला त्याच्या भाषेत संदेश जावा, आणि त्यात आपसमेळ योजनेची माहिती असावी. दुसरी गोष्ट, पूर्वीच्या वर्षांसाठी, जेथे लबाडीचा पुरावा नाही तेथे, शेकडा एक या दराने हिशेब मिटवण्याची मुभा जीएसटी परिषदेने कायद्यातच द्यावी, म्हणजे मुख्यमंत्र्यांच्या मर्जीची वाट पाहावी लागणार नाही. तिसरी, ४० लाखांची मर्यादा एप्रिल २०१९ मध्ये ठरली आणि नोटिसा निघाल्या तेव्हाही तीच होती. मधल्या काळात भाव वाढले; तेवढीच पोती विकणारा दुकानदार केवळ महागाईमुळे मोठा व्यापारी ठरू लागला. ही मर्यादा भावमानाशी जोडली पाहिजे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वही दोन्ही बाजूंनी वाचता आली पाहिजे. ज्या नोंदीवरून सरकार दुकानदाराचा कर ठरवू शकते, त्याच नोंदीवरून बँकेने त्याची पत का ठरवू नये? खातेदाराच्या संमतीने ही माहिती कर्जासाठी देण्याची ‘अकाउंट ॲग्रिगेटर’ व्यवस्था सप्टेंबर २०२१ पासून अस्तित्वात आहे. तरीही तारण आणि विवरणपत्रे नसलेला दुकानदार आजही बँकेच्या दारातून परततो आणि सावकाराच्या दारी जातो. घेण्याच्या वेळी तत्पर आणि देण्याच्या वेळी गहाळ अशा वहीवर कोणाचाच विश्वास बसणार नाही.

बंगळूरची बातमी वर्गात चर्चेला आली, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, ‘सर, आमच्या दुकानातला तो कोड बाबांनी काढून टाकावा का?’ प्रस्तुत लेखकाने ‘नाही’ असे उत्तर दिले, कारण रोखीकडे परतणे म्हणजे पतीची शक्यताही पुसून टाकणे होय. नोंदणी करा, कर भरा, असेही सांगितले. पण ते सांगताना मन पूर्णपणे निःशंक नव्हते, हे कबूल केले पाहिजे. पगारदाराचा कर आधी ठरतो आणि मग कापला जातो. कुठल्या दराने, हे त्याला वर्षाच्या प्रारंभीच ठाऊक असते. लहान दुकानदारासाठी याहून अधिक काही मागायचे नाही. आपल्याला जेवढी पूर्वसूचना मिळते, तेवढी त्यालाही मिळावी. करदाता घडवायचा असेल, तर आधी त्याची वही त्याला वाचून दाखवावी लागेल, नोटीस त्यानंतर.