कोल्हेकुई आणि आपलें अंगण

सायंकाळीं गोदावरीच्या कांठीं किंवा लातूरकडील उसाच्या फडांत कोल्हेकुई सुरू झाली म्हणजे दोन प्रकारचे उद्गार ऐकूं येतात. कोणी म्हणतो, “काठ्या घ्या, मारा!” दुसरा म्हणतो, “बिचाऱ्यास शिळी भाकर टाका.” माझ्या अल्पमतीप्रमाणें हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत.

कोल्हा आपल्या वस्तींत शिरला असें म्हणण्यापेक्षां आपली वस्तीच त्याच्या रानांत शिरली, असें म्हणणें अधिक न्यायाचें होईल. नांदेड व लातूर हीं शहरें शेतांच्या अंगानें वाढलीं. मुंबईसारख्या महानगरांतहि खाडीकांठच्या तिवरांत कोल्हे राहतात. उंदीर-घुशी मारून व मेलेलीं जनावरें खाऊन हा प्राणी शेतकऱ्याची चाकरी विनावेतन करतो. सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यास अभय दिलें आहे. विष घालणें हा गुन्हा तर आहेच. शिवाय त्याच विषानें घरचें कुत्रेंहि मरतें.

परंतु दया म्हणून अन्न घालणेंहि तितकेंच घातक होय. त्यानें कोल्ह्याचें माणसाविषयींचें भय मोडतें, आणि असा कोल्हा उद्यां मुलांच्या जवळ येतो.

मग करावें काय? खरकटें उघड्यावर टाकूं नये. कोंबड्या व करडें रात्रीं बंद ठेवावीं. कोल्हा दिसल्यास पळूं नये; मोठ्यानें ओरडावें व त्यास जावयास वाट द्यावी. झोकांड्या खाणारा अथवा न भितां अंगावर येणारा कोल्हा दिसल्यास दूर राहून वनखात्यास कळवावें.

विद्यार्थ्यांनो, एवढें मात्र पाठ करा. कोल्हा किंवा कुत्रा चावला, नुसतें ओरखडलें, तरी तत्क्षणीं घरीं सांगा. जखम साबणानें वाहत्या पाण्याखालीं १५ मिनिटें धुवा आणि लागलीच सरकारी दवाखाना गांठा. सन १८८५ मध्यें पाश्चर यांच्या लशीनें जोसेफ मायस्टर हा ९ वर्षांचा मुलगा वांचला, तो वेळेवर नेला म्हणून. पिसाळ रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागल्यावर बहुधा कोणाचाच इलाज चालत नाहीं.

पालकांसहि एक विनंती आहे. ‘तिकडे गेलासच कां?’ म्हणून रागें भरतील, या धास्तीनें मुलें जखम लपवितात. ती धास्ती कोल्ह्याहून भयंकर आहे. तेवढी आपल्या घरांतून आधीं घालवावी.