एसटी पाहून तास लावा
नागपूर विद्यापीठापासून २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ वेगळे झाले, ते चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांचे अंतर कमी व्हावे म्हणून. कॉलेजचे वेळापत्रक मात्र ते अंतर पुन्हा वाढवू शकते. पहिला तास आणि शेवटचे प्रात्यक्षिक एसटीच्या वेळा न बघता ठरले, की हजेरीची अट मुरूमगावहून धानोऱ्याला येणाऱ्या मुलीलाच नडते. कॉलेजजवळ खोली करून राहणाऱ्याला नाही. वर्गखोल्या आणि प्राध्यापक मोजकेच, मग सगळ्यांची सोय कशी बघणार, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच तर गैरसोय वाटून घ्यावी: सक्तीचे विषय व प्रयोगशाळा मधल्या वेळेत, आणि अडचणीचे तास दर सत्रात वेगळ्या शाखेकडे. त्यासाठी विभागांची खोल्यांवरची मिरासदारी आधी मोडावी लागेल. ती प्राचार्यांनी प्रवेश संपताच मोडावी; नंतर कुणी ऐकत नाही.