नोंदणीनंतरची खरी परीक्षा

बंगळूरकरांना ‘हॉपकॉम्स’ची फळभाज्यांची दुकाने परिचित आहेत. १९५९ साली डॉ. एम. एच. मरीगौडा यांच्या पुढाकाराने द्राक्ष उत्पादकांची सहकारी संस्था म्हणून तिचा आरंभ झाला. शेतकऱ्यांचा माल घेऊन तो शहरात स्वतःच्या दुकानांतून विकायचा, हे तिचे सूत्र. विक्रीची व्यवस्था हाती असल्याखेरीज भावावर अधिकार येत नाही, हा त्यातील बोध.

कंपनी कायद्यातील २००२ च्या दुरुस्तीने शेतकऱ्यांना उत्पादक कंपनीचा मार्ग खुला झाला. किमान दहा उत्पादक एकत्र येऊन ती स्थापू शकतात. २०२० साली केंद्र शासनाने दहा हजार शेतकरी उत्पादक संघटनांची योजना आणली. तथापि, नोंदणी म्हणजे स्थैर्य नव्हे. हंगामात माल एकदम येतो. शेतकऱ्यास पैसे तत्काळ हवे असतात, मोठा खरेदीदार मात्र ते उधारीची मुदत संपल्यावरच देतो. मधल्या काळात खेळते भांडवल नसेल, तर सभासद पुन्हा व्यापाऱ्याकडे वळतो आणि कंपनी कागदावर उरते.

येथे बँकांनी दृष्टी बदलावयास हवी. अशा कंपनीकडे तारण ठेवण्याजोगी मालमत्ता क्वचितच असते. परंतु खरेदीचे करार, गोदामाच्या पावत्या आणि सभासदांनी घातलेल्या मालाच्या नोंदी असू शकतात. पतनिर्णयात त्यांना महत्त्व मिळावे. कंपन्यांनीही चोख हिशेब, वेळेवर लेखापरीक्षण आणि जाणता व्यवस्थापक ही पथ्ये पाळावीत. अनुदानाने कंपनी उभी राहील. टिकेल मात्र ती सभासदांच्या निष्ठेवर आणि बँकेच्या विश्वासावरच.